लॉनमधल्या तणगवतासाठी क्विनक्लोरॅक: कुठे लागू पडतं आणि कुठे फुकट जातं

घरच्या लॉनमधल्या गवतवर्गीय तणांसाठी जी औषधं मिळतात, त्यांत क्विनक्लोरॅक ७५ टक्के हे आमच्या मते सगळ्यांत उपयोगी आहे, आणि वायाही तेच सगळ्यांत जास्त जातं. औषध वाईट नाही. ते ज्या गवतावर चालतच नाही त्यावर फवारलं जातं, किंवा चालणाऱ्या गवतावर चुकीच्या वयात फवारलं जातं, आणि मग ‘काही उपयोग झाला नाही’ असा शेरा बसतो. म्हणून इथे औषधाइतकंच गवताच्या ओळखीबद्दल लिहिलं आहे. कंपनीगणिक नावं बदलतात, त्यामुळे सगळीकडे सक्रिय घटकाचं नाव वापरलं आहे. पाकिटावर छोट्या अक्षरांत हेच नाव आणि त्यापुढे टक्केवारी छापलेली असते. वाचायचं ते तेवढंच, पुढच्या बाजूचं हिरवंगार चित्र नाही.

पहिला गैरसमज लगेच दूर करू. ‘लॉनसाठी तणनाशक’ म्हणून जे सर्रास मिळतं, त्यात बहुतेक वेळा २,४-डी किंवा त्याची भावंडं असतात. ती रुंद पानांची तणं मारतात. गवताला त्यांचा त्रास होत नाही, आणि त्याच गुणावर ती लॉनमध्ये चालतात. पण तुमचं तणही गवतच असेल तर त्यालाही काही होणार नाही. खत आणि तणनाशक एकत्र असलेल्या पिशव्यांचं बऱ्याचदा असंच असतं: तणगवताला खत मिळतं, औषध लागत नाही. गवतातून गवत वेगळं काढून मारणं हे काम मुळातच अवघड आहे, कारण दोघंही एकाच कुळातले. ते करू शकणारे घटक मोजकेच आहेत आणि प्रत्येकाची आपली ठरावीक गिऱ्हाइकं आहेत.

आधी ओळख

शंका असलेल्या गवताचा एक फुटवा बुडापासून उपटून घ्या. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग असलं तर उत्तम. चार जागा पाहायच्या.

पहिली जागा बुंधा. बोटांच्या चिमटीत धरून फिरवा. तीन कडा हाताला लागल्या तर ते गवत नाहीच, तो लव्हाळा आहे, आणि त्याचं प्रकरण पूर्णपणे वेगळं आहे. गोल फिरला तर गवत. चपटा लागला आणि फिरताना अडखळला तर तेही गवतच, पण नवीन पान आत घडी घालून बसणाऱ्या जातीचं.

दुसरी जागा नवं पान. शेंड्याजवळचं अजून न उलगडलेलं पान आडवं कापून पाहा. काही जातींत ते सुरळीसारखं गुंडाळलेलं असतं, काहींत पुस्तकासारखं दुमडलेलं. क्रॅबग्रास गुंडाळलेलं, गूजग्रास दुमडलेलं (या गवतांची ओळख पुढे एकेक येते). या एका खुणेवर अर्धे वाद मिटतात.

तिसरी जागा जिव्हिका, म्हणजे पानाचं पातं जिथे खोडापासून बाहेर वळतं तिथली आतली पातळ जीभ. क्रॅबग्रासमध्ये ती पडद्यासारखी, पांढरट, वरची कड दातेरी. हरळीत पडदा नाही, केसांची बारीक किनार. कोल्ह्याच्या शेपटीसारखा तुरा येणाऱ्या सेटारिया जातींतही केसच. पोआ ॲन्युआत स्पष्ट दिसणारा पांढरा पडदा. लव्हाळ्यात जीभच नसते.

चौथी जागा बुड आणि मुळांचा घेर. आडव्या पसरलेल्या फांद्यांना पेरापेरांवर मुळं फुटली आहेत का, जमिनीखाली पांढऱ्या काश्या, म्हणजे आडव्या पसरणाऱ्या फांद्या, आहेत का, गाठी आहेत का, की नुसतं तंतुमय मुळांचं झुपकं आहे, हे पाहायचं. यावरून तण वार्षिक की बहुवर्षायू हे बरंचसं कळतं, आणि औषध निवडताना सगळ्यांत जास्त फरक याच उत्तराने पडतो.

आता मंडळी एकेक.

क्रॅबग्रास, शास्त्रीय नाव डिजिटारिया. रंग लॉनपेक्षा फिकट, पिवळसर हिरवा. मधून चारी बाजूंना खेकड्याच्या पायांसारख्या फांद्या पसरतात. दोन जाती नेहमी भेटतात. डिजिटारिया सँग्विनॅलिसच्या पानांवर आणि म्यानावर (पानाच्या खोडाला गुंडाळलेल्या बुडाकडच्या भागावर) दाट केस असतात, तर डिजिटारिया इस्कीमम जवळजवळ गुळगुळीत असते. तुऱ्याला बोटांसारख्या काही शाखा असतात, पण त्या एकाच बिंदूतून निघत नाहीत, थोड्या वरखाली असतात. हरळीशी गोंधळ इथेच होतो. हरळीची बोटं नेमकी एकाच बिंदूतून फुटतात. क्रॅबग्रास वार्षिक आहे, दरवर्षी बियांपासूनच येतं. हिवाळा कडक असेल तर पहिलं दव गोठलं की मरतं, पण तोवर एका झाडाने हजारो बिया टाकलेल्या असतात.

गूजग्रास, म्हणजे एल्युसिन इंडिका. नाचणीच्याच प्रजातीतलं हे रानटी गवत. याची सगळ्यांत सोपी खूण म्हणजे मध्यभाग: चपट्या फुटव्यांचं चाक जमिनीवर आडवं ठेवल्यासारखं दिसतं आणि चाकाचा आस पांढरा, चांदीसारखा असतो. कणसाची बोटं जाड, दाणे दोन ओळींत झिपसारखे बसलेले. उपटायला गेलं तर पान तुटतं, बुड हलत नाही. पायवाटेच्या कडेला, गाडी वळते तिथे, पाणी साचून घट्ट झालेल्या मातीत ते हमखास येतं. क्रॅबग्रासनंतर दोन-तीन आठवड्यांनी उगवतं, त्यामुळे लोक त्याला ‘उशिरा आलेलं क्रॅबग्रास’ समजतात आणि त्याच औषधाचा दुसरा हात मारतात. त्याचा काहीही परिणाम होत नाही.

पोआ ॲन्युआ थंडीचं गवत. पानाचं टोक होडीच्या नाळेसारखं वळलेलं. कितीही खाली कापलं तरी कापणीच्या उंचीखालीच पांढुरके तुरे काढतं. उन्हाळा तापला की पिवळं पडून मरतं आणि लॉनमध्ये टक्कल राहतं. टक्कल पाहून रोग समजून बुरशीनाशक मारणारे पुष्कळ आहेत.

बहुवर्षायूंमध्ये डॅलिसग्रास (झुबकेदार, दाण्यांवर काळे ठिपके), क्वॅकग्रास (पानाच्या बुडाशी खोडाला कवटाळणारे दोन छोटे कान, खाली लांब काश्या) आणि खुद्द हरळी. हरळीचं लॉन असेल तर ती लॉन, दुसऱ्या गवताचं लॉन असेल तर तीच सगळ्यांत चिवट तण. तिच्या काश्यांचा बोटभर तुकडा राहिला तरी पुन्हा फुटतो.

क्विनक्लोरॅक नेमकं कुणासाठी

हे मूळचं भातशेतीतलं औषध, सावा वर्गातल्या एकिनोक्लोआ तणांसाठी वापरलं जाणारं. वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं. चालणाऱ्या गवतात त्यामुळे इथिलीन वायू बेसुमार तयार होतो, त्यासोबत सायनाइड साठतं आणि गवत आतून मरतं. न चालणाऱ्या गवतात हा सगळा प्रकार घडतच नाही. म्हणूनच मात्रा वाढवून काही साधत नाही. गूजग्रासवर दुप्पट मारा, तिप्पट मारा, ते तसंच राहील. लॉनचं मात्र नुकसान होईल.

चालतं कुणावर: क्रॅबग्रासच्या दोन्ही जाती, सावा वर्ग, सेटारिया, आणि बोनस म्हणून पांढरं क्लोव्हर हे तीन पानांचं तण. चालत नाही कुणावर: गूजग्रास, डॅलिसग्रास, पोआ ॲन्युआ, लव्हाळा. ही दुसरी यादी पाकिटावर ठळक छापायला हवी. निराशेची बहुतेक कारणं तीत आहेत.

आता वयाचा मुद्दा, जो जवळजवळ कुणीच सांगत नाही. क्रॅबग्रासला फुटवे यायच्या आधी, म्हणजे दोन-तीन पानांचं रोप असताना, किंवा फार तर पहिला फुटवा दिसत असताना फवारलं तर निकाल फार चांगला. चारपेक्षा जास्त फुटव्यांच्या मोठ्या झाडावरही ते काम करतं, आणि हे या औषधाचं खरं बळ आहे, कारण बाकीची बरीचशी औषधं मोठ्या क्रॅबग्रासपुढे हात टेकतात. पण मधल्या अवस्थेत, साधारण दोन ते चार फुटवे असताना, ते कमजोर पडतं. गवत आजारी दिसतं, लालसर होतं, आणि मग पुन्हा उठतं. तुमचं क्रॅबग्रास या मधल्या वयात सापडलं तर आठवडा-दोन आठवडे थांबून फवारा, किंवा दुसऱ्या हाताची तयारी ठेवूनच सुरुवात करा.

मात्रा आणि मिश्रण

७५ टक्के दाणेदार औषधाची पूर्ण मात्रा १०० चौरस मीटरला सुमारे ११ ग्रॅम. त्यासोबत मिथाइलेटेड सीड ऑइल, म्हणजे बियांच्या तेलापासून केलेलं फवारणीचं तेल, १०० चौरस मीटरला १७ ते १८ मिलिलिटर. हे तेल ऐच्छिक नाही. क्रॅबग्रासच्या पानावर मेणाचा थर आणि केस असतात. नुसत्या पाण्याचा थेंब त्यावर मोत्यासारखा बसतो आणि सुकून जातो. तेलाशिवाय मारलेलं क्विनक्लोरॅक निम्मं तरी फुकट गेलं समजा. भांड्यांचा साबण हा पर्याय नव्हे. काही तयार मिश्रणांत तेल आधीच घातलेलं असतं, तेव्हा वरून घालू नये.

११ ग्रॅम म्हणजे चमचाभर-दोन चमचे असा अंदाज चालत नाही, कारण दाण्यांची घनता वेगवेगळी असते. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवाच. पंपाचं मापही घ्यावं लागतं. त्याची सोपी रीत अशी: ५ मीटर बाय ४ मीटरचा, म्हणजे २० चौरस मीटरचा तुकडा आखा. पंपात मोजून साधं पाणी भरा, नेहमीच्या चालीने एकसारखं फवारा आणि किती पाणी गेलं ते मोजा. समजा १.२ लिटर गेलं. म्हणजे १०० चौरस मीटरला तुमच्या हाताने ६ लिटर जातं. मग ६ लिटरमध्ये ११ ग्रॅम औषध आणि १८ मिलिलिटर तेल. १ लिटरला सुमारे १.८ ग्रॅम आणि ३ मिलिलिटर. दुसऱ्या कुणाच्या हाताला ४ लिटर लागतील, कुणाला ९. म्हणून ‘लिटरला इतके ग्रॅम’ हा कुणाकडून ऐकलेला आकडा आपल्या पंपाला लावू नये.

पंपात आधी निम्मं पाणी, मग दाणे, ढवळून पूर्ण विखुरू द्यायचे, मग उरलेलं पाणी, शेवटी तेल. तेल आधी घातलं तर दाण्यांच्या गुठळ्या होतात आणि नोझल तुंबतं. हे दाणे पाण्यात साखरेसारखे विरघळत नाहीत, तरंगत राहतात, त्यामुळे अधूनमधून पंप हलवत राहायचा. नोझल सपाट पंख्याच्या आकाराचं फवारणारं हवं. शंकूच्या आकाराच्या नोझलने गोलाच्या कडेला जास्त आणि मध्ये कमी पडतं, आणि आठवड्याने लॉनवर चट्ट्यांची नक्षी दिसते.

फवारणीच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस गवत कापायचं नाही. आधी पानाचं क्षेत्र हवं म्हणून, नंतर औषध मुळापर्यंत उतरायला वेळ हवा म्हणून. पुढचे २४ तास पाणी किंवा पाऊस नको. त्यानंतर मात्र आठवड्याभरात पाऊस झाला नाही तर १२ मिलिमीटर तरी पाणी द्यावं, कारण हे औषध मुळांवाटेही घेतलं जातं. मातीला वाफसा असताना, गवत टवटवीत असताना फवारलं तर निकाल येतो. पाण्याअभावी पानं मिटलेल्या क्रॅबग्रासवर मारलं तर ते औषध आत घेतच नाही. ३२ अंशांच्या वरच्या उन्हात मारू नये, लॉन पिवळं पडतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहीच दिसत नाही म्हणून घाबरून दुसरा हात मारू नका. आठवड्याभरात पानं लालसर-जांभळट होतात, वाढ थांबते, आणि दोन ते तीन आठवड्यांत गवत वाळतं. दुसरा हात लागलाच तर तीन आठवड्यांनी. वर्षभरात दोन पूर्ण मात्रांपेक्षा जास्त नाही. वर्षानुवर्षं फक्त हेच औषध मारत राहिलं तर त्याला न जुमानणारं तण निवडून वाढतं; भातशेतीत सावा वर्गाच्या बाबतीत हे घडलेलं आहे.

लॉन कोणतं आहे हेही पाहा

केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू, पेरेनियल रायग्रास, झॉयसिया यांना हे झेपतं. बर्म्युडाला, म्हणजे हरळीच्या लॉनला, झेपतं पण काही दिवस पिवळेपणा येऊ शकतो. सेंट ऑगस्टिन, सेंटिपीड आणि बाहिया या तिघांवर मारूच नये, लॉनच खराब होईल. बेंटग्रास नाजूक आहे, त्यापासूनही लांब राहिलेलं बरं. नव्याने बी पेरलेलं लॉन असेल तर रोपं उगवून २८ दिवस व्हायला हवेत.

आणि भाजी लावणाऱ्यांनी हे नीट वाचावं. टोमॅटो, मिरची, वांगी, बटाटा हा सगळा वर्ग आणि गाजर-कोथिंबिरीचा वर्ग क्विनक्लोरॅकला फार हळवा आहे. फवारलेल्या लॉनचं कापलेलं गवत भाजीच्या वाफ्यात आच्छादन म्हणून टाकू नका, कंपोस्टमध्येही नको. ते तिथे लवकर विघटित होत नाही आणि महिन्यांनंतर टोमॅटोची पानं वेडीवाकडी वळायला लागतात. कापलेलं गवत लॉनवरच पडू द्यावं. फवारणीच्या पंपाचंही तेच: तणनाशकाचा पंप वेगळा, त्यावर ठळक खूण, आणि त्यातून भाजीवर कधीही काही मारायचं नाही. तीनदा धुतला तरी नाही.

लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन

बुंधा तिकोनी निघाला तर क्विनक्लोरॅक बाजूला ठेवा. लव्हाळा कापणीनंतर दोन-तीन दिवसांतच लॉनच्या वर डोकं काढतो, ही त्याची लांबून दिसणारी खूण. दोन जाती आहेत. सायपरस रोटंडस, आपला नागरमोथा, याच्या गाठी माळेतल्या मण्यांसारख्या एकामागे एक जोडलेल्या, काळपट आणि सुगंधी असतात. सायपरस एस्क्युलेंटसची गाठ एकटी, मुळाच्या टोकाला असते आणि पानाचं टोक लांब निमुळतं होत जातं. वर ओढलं की पान हातात येतं, गाठ खाली राहते, आणि माळेतली झोपलेली दुसरी गाठ जागी होते. म्हणून एकदाच उपटून हातात काही येत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी, तीन-चार पानं होताच, न चुकता उपटत राहिलं तर गाठीतला साठा संपत जातो, पण त्यात एक खंड पडला की मेहनत मागे जाते.

हॅलोसल्फ्युरॉन-मिथाइल ७५ टक्के हे या कामाचं खरंखुरं चांगलं औषध. १०० चौरस मीटरला जेमतेम ०.९ ग्रॅम. इतकं कमी की काट्याशिवाय हात लावू नये, आणि मोजून भरलेली छोटी पुडी मिळत असेल तर तीच घ्यावी. सोबत लिटरला २.५ मिलिलिटर बिगर-आयनी स्टिकर, म्हणजे औषध पानावर पसरवून धरून ठेवणारं द्रव्य. लव्हाळा तीन ते आठ पानांचा असताना मारायचं. त्याआधी मारलं तर पानाचं क्षेत्र कमी पडतं. फुलोऱ्यानंतर मारलं तर नव्या गाठी आधीच तयार झालेल्या असतात. चार तास पाऊस नको. परिणाम फार संथ: पहिला आठवडा तसाच जातो, दुसऱ्या आठवड्यात पिवळेपणा, तिसऱ्या-चौथ्यात वाळणं. सहा ते दहा आठवड्यांनी उरलेल्यांवर दुसरा हात. झोपलेल्या गाठींना औषध पोचत नाही, त्यामुळे दोन-तीन हंगाम चिकाटी ठेवावी लागते. एका हंगामात लव्हाळा संपवण्याचं आश्वासन कुठल्याही बाटलीवर असेल तर ती परत ठेवावी. आणि निचरा पाहावा: गळका नळ किंवा रोज भिजणारा कोपरा असेल तर लव्हाळा तिथे पुन्हा येणारच.

उगवण्याआधीची औषधं

क्रॅबग्रासच्या बाबतीत आमचा कौल उघड आहे: ज्या लॉनमध्ये ते दरवर्षी येतं, तिथे उगवणीपूर्व औषध हा पहिला उपाय असावा आणि क्विनक्लोरॅक हा राहिलेल्यांसाठी. पेंडिमेथालिन, प्रोडायमिन आणि डायथिओपिर ही तीन नावं लक्षात ठेवा. ती बियांना उगवण्यापासून थांबवत नाहीत. बी उगवतं, पण कोवळ्या मुळाच्या टोकाशी पेशींचं विभाजन थांबतं, मूळ सुजतं आणि रोप मातीतच मरतं. म्हणून उगवून वर आलेल्या गवतावर ती मारण्यात अर्थ नाही. अपवाद डायथिओपिरचा: फुटवे यायच्या आधीच्या कोवळ्या क्रॅबग्रासलाही ते मारतं, म्हणून ज्यांना वेळ साधत नाही त्यांनी तेच घ्यावं.

वेळ कॅलेंडरवरून नाही, मातीवरून ठरवायची. थंडीनंतर मातीचा वरचा थर सलग काही दिवस १३ अंशांच्या आसपास राहिला की क्रॅबग्रास उगवायला लागतं. औषध त्याआधी पडायला हवं. जिथे माती इतकी थंडच होत नाही, तिथे पहिल्या मोठ्या पावसाआधी. गूजग्राससाठी मातीतला औषधाचा थर दोन-तीन आठवडे पुढेही टिकायला हवा, त्यामुळे मात्रा दोन हप्त्यांत विभागणं चांगलं. पोआ ॲन्युआसाठी उलट, उन्हाळा ओसरताना, माती २१ अंशांच्या खाली जायच्या आधी.

टाकल्यावर १२ मिलिमीटर पाणी देऊन ते मातीच्या वरच्या थरात उतरवावं लागतं. पेंडिमेथालिन उघड्यावर उन्हात आणि हवेत उडून जातं, त्यामुळे त्याला पाण्याची घाई जास्त. शिवाय ते पिवळंजर्द असतं आणि फरशीवर, बुटांवर डाग पाडतं. प्रोडायमिन जास्त टिकतं, डाग कमी, म्हणून घरच्या लॉनसाठी आम्हाला ते बरं वाटतं. तिन्हींची एक मोठी अडचण: त्यांना तुमचं बी आणि तणाचं बी यांतला फरक कळत नाही. टाकल्यावर तीन-चार महिने नवं बी पेरता येत नाही, आणि नुकत्याच अंथरलेल्या लॉनची मुळंही ती आखडवतात.

बहुवर्षायू तणगवत

डॅलिसग्रास, क्वॅकग्रास, दुसऱ्याच्या लॉनमध्ये घुसलेली हरळी: यांच्यासाठी निवडक औषधं आहेत, पण ती लॉनच्या जातीवर फार अवलंबून असतात, आणि एका फवारणीत काम होत नाही. ठिपका छोटा असेल तर ग्लायफोसेट हाच सरळ मार्ग. ४१ टक्क्यांचं असेल तर लिटरला २० मिलिलिटर, गवत जोमात वाढत असताना. पान हिरवं आणि मोठं असेल तरच ते काश्यांपर्यंत उतरतं. वाळत चाललेल्या किंवा नुकत्याच कापलेल्या गवतावर मारलं तर वरचं जळतं, खालचं जगतं. ते जे जे हिरवं त्याला लागतं, म्हणून हातमोज्यावर स्पंज बांधून पानं पुसणं हे फवारण्यापेक्षा सुरक्षित. मातीत पडल्यावर ते मातीच्या कणांना घट्ट चिकटतं, त्यामुळे सात दिवसांनी खणून पुन्हा पेरता येतं. हरळीसाठी तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन हात लागतात. क्षारांचं जड पाणी आणि चिखलाळ पाणी त्याची ताकद कमी करतं. अनेक ठिकाणी घरगुती वापरावर निर्बंध आहेत, आपल्या भागातला नियम आधी पाहून घ्यावा.

अवजारं, आणि काही लोकप्रिय उपाय

साधं अरुंद पात्याचं खुरपं क्रॅबग्रासच्या कोवळ्या रोपांसाठी अजूनही सगळ्यांत चांगलं. पाऊस पडून गेल्यावर, वाफशाला, बुडाचा मध्य धरून काढायचं आणि पेरांवर फुटलेली मुळं एकेक सोडवायची. तुऱ्यावर आलं असेल तर तुरा आधी पिशवीत. उभ्याने वापरायचे तीन-चार दात्यांचे उपटणे सोटमुळाच्या तणासाठी केलेले असतात. तंतुमय मुळांच्या गवतावर ते मातीचा गोळा उपसतात, गवत अर्धं तिथेच राहतं आणि उघड्या खड्ड्यात नवं बी रुजतं. पाठ दुखणाऱ्यांची गरज आम्हाला समजते, पण तणगवतासाठी हे अवजार घेऊ नये. गूजग्रासला मात्र दोन टोकांचं जाड चिमटं खाली सारून तरफेसारखं उचलावं लागतं. खुरप्याने फक्त पानं कापली जातात.

व्हिनेगर पानं जाळतं, मुळं नाही, आणि लॉनही जाळतं. २० टक्क्यांचं तीव्र व्हिनेगर डोळ्यांना गंभीर इजा करू शकतं. ‘नैसर्गिक’ म्हणून बेफिकीर राहू नका. मक्याचं ग्लुटेन उगवणीपूर्व उपाय म्हणून विकलं जातं. १०० चौरस मीटरला सुमारे १० किलो लागतं, त्यातून जवळजवळ १ किलो नत्र पडतं, म्हणजे एका वेळच्या नेहमीच्या मात्रेच्या दुप्पट. खत म्हणून चांगलं. तण रोखण्याबाबत मात्र त्याचे निकाल एकसारखे येत नाहीत, आणि ओलसर हवेत तर भरवसा आणखी कमी.

फवारणीच्या दिवशी हातमोजे, लांब बाह्या, बंद बूट आणि चष्मा. वारा पानं हलवण्याइतका असेल तर दुसरा दिवस निवडा. लॉन पूर्ण सुकेपर्यंत मुलं आणि पाळीव प्राणी आत नकोत.

तण मेल्यावर राहणारी रिकामी जागा लगेच भरायला हवी, नाहीतर पुढचं बी तिथेच बसतं. क्विनक्लोरॅकनंतर वाळलेलं गवत दाताळ्याने ओढून काढा. घट्ट मातीत पोकळ दात्यांच्या काट्याने ७ ते ८ सेंटिमीटर खोल भोकं पाडा. गूजग्रासच्या जागी हे सोडून बाकी सगळं केलं तरी ते परत येतं. मग त्याच जातीचं बी किंवा तुकडे लावा. फेस्क्यू आणि ब्लूग्रास ७ ते ९ सेंटिमीटरवर ठेवलं तर जमिनीवर सावली पडते आणि क्रॅबग्रासच्या रोपाला ऊन मिळत नाही. बर्म्युडा इतकी उंच ठेवता येत नाही, तिला २.५ ते ४ सेंटिमीटरवर पण दर चार-पाच दिवसांनी कापावं. एका कापणीत पात्याच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त घेऊ नये. पाणी रोज शिंपडू नका. आठवड्याला २५ मिलिमीटर, एक-दोन वेळांत खोल. रोज ओलसर राहणारा वरचा सेंटिमीटरभर थर तणाच्या बियांना फार मानवतो.